आईच्या खुंट्यावरची लेक

भिकाजी, या माघात, मंगळवारी दुपारी, परळच्या इस्पितळात तू गेलास. गाठ उजव्या काखेत होती. निरोप आमच्या कचेरीत आला, कारण गिरगावातल्या तुझ्या खोलीला कुलूप होते आणि इस्पितळात नाव लिहून घेताना जवळचा माणूस म्हणून तू माझे नाव सांगितले होतेस. मी पोहोचलो तेव्हा तुला खाटेवरून उतरवले होते. खांद्याला चार माणसे जमेनात. मी होतो, लालबागच्या गोठ्यात धारा काढणारा धोंडू होता, इस्पितळाचा एक हमाल तयार झाला. चौथा एक रस्त्याने जाणारा गृहस्थ. त्याने स्वतःचे नाव सांगितले नाही आणि तुझे विचारले नाही.

संध्याकाळी मी कचेरीत परत आलो. शहरातल्या मृत्यूंचा रोजचा आकडा तपासून छापायला देणे, हे मांडवीकडे गाठीचा ताप सुरू झाल्यापासून माझे काम आहे. त्या दिवशीही ते मीच केले. त्या आकड्यात तू होतास.

एरवी माझा मजकूर तू वाचायचास आणि बोट ठेवून विचारायचास, "हे कुणी पाहिलं?" मी म्हणायचो, लोक सांगतात. तू म्हणायचास, "लोक सांगतात ते लोकांच्या नावावर लिही, तुझ्या नाही." आता बोट ठेवणारे कुणी नाही. म्हणून मी जे स्वतः पाहिले किंवा तुझ्या तोंडून ऐकले, तेवढेच इथे लिहितो.

तू गुरांचा डॉक्टर झालास तेव्हा चाळीत हसण्यासारखे झाले होते. तुझे मामा जिन्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले होते, "माणसांचा व्हायला बुद्धी कमी पडली वाटतं!" तू खालून उत्तर दिलेस, "मामा, माणसं कुठं दुखतं ते खोटं सांगतात. गाय दुखतं तिथंच लाथ मारते. मला तेवढंच झेपतं." मामा त्यानंतर महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत, पण त्यांचा घोडा लंगडला तेव्हा तुलाच बोलावले.

लालबागच्या येसूबाई गवळणीचा गोठा तू मला पहिल्यांदा दाखवलास तो गुरांच्या बुळकांड्याच्या साथीनंतर. आजूबाजूचे गोठे त्या साथीत रिकामे झाले होते. येसूबाईची गुरे तू वेगळी बांधून वाचवली होतीस. ती म्हणाली, "डाक्टर, काय देऊ?" तू कालवडी मागितल्यास. घरी न्यायला नाही. त्या जगवाव्यात, एवढेच मागितलेस.

हे मागणे विचित्र का होते, ते मला तू परत येताना ट्राममध्ये समजावलेस. मुंबईत गाय येते ती काठेवाडातून, विऊन, दुधाला लागलेली. गोठ्याला दूध हवे असते, वासरू नको असते. वासरू चार दिवस पुढे धरतात, गाय पान्हा सोडते, मग वासरू अर्धपोटी राहून मरते आणि त्याचे कातडे पेंढा भरून गाईपुढे उभे करतात. गाय ते चाटते आणि दूध देत राहते. आटली की भाकड म्हणून विकतात, आणि भाकड गाय कुठे जाते हे विचारायचे नसते. काठेवाडातून दुसरी येते.

"म्हणजे बघ," तू म्हणालास, "या शहरात दुधाळ गाईची लेक दूध द्यायच्या वयाला कधी पोचतच नाही. चांगली गाय आली, दूध दिलं, गेली. मागं काही नाही. आईचं दूध लेकीत उतरतं का, आणि किती उतरतं, हे इथं कुणाला माहीत असायचं कारणच नाही."

मी म्हणालो, उतरत असणारच, सगळे जग तसे मानते.

"जग मानतं. किती, ते सांग. रुपयात किती आणे?"

तुझा सगळा प्रश्न एवढाच होता आणि तो तू अखेरपर्यंत याच शब्दांत विचारलास. दोन गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, तो रुपया धर. त्यातले किती आणे रक्ताचे आणि किती आणे पेंडीचे, पाण्याचे, हाताचे? सोळाच्या सोळा आणे पेंडीचे असतील तर कालवड जगवण्यात अर्थ नाही, चांगली पेंड घाला आणि काठेवाडातून गाय आणत राहा. पण आठ-दहा आणेही रक्ताचे निघाले, तर चांगल्या गाईची लेक मारणे म्हणजे पुढचे दूध आजच सांडून देणे. गोठेवाल्यांना दया शिकवायला तू निघाला नव्हतास. तुला त्यांच्यापुढे एक आकडा ठेवायचा होता. आकडा खरा असला तर वासरे आपोआप जगतील, असे तू मानायचास.

येसूबाईने निवडक गाईंच्या सहा कालवडी जगवल्या. त्यांना तिच्या भावाकडे ठाण्यापलीकडे गवतावर ठेवले. इकडे त्यांच्या आयांचे दूध तू मोजत राहिलास. प्रत्येक गाईची धार वेगळ्या चरवीत, चरवी एकाच मापाची, आणि भिंतीवर त्या गाईच्या नावाखाली गेरूच्या रेघा. रेघा धोंडू ओढायचा, कारण धारा तोच काढायचा. तो तुझी टिंगल करायचा ती मी ऐकली आहे.

"डाक्टर, गाईचं मोजलंत, आता बैलाचंबी मोजा की."

"मोजतोच आहे, धोंडू."

"कसं वो? बैलाची धार कुठनं काढता?"

"त्याच्या लेकींच्या कासेतून. लेक अर्धी आईची, अर्धी बैलाची. आईचा वाटा लेकीत निम्माच दिसणार, म्हणून दिसेल त्याची दुप्पट धरायची."

धोंडू चरवी खाली ठेवून येसूबाईकडे वळला. "बाय, ऐकलं का? आपला बैलबी दूध देतो. आजपासून त्यालाबी पेंड वाढवा."

येसूबाई हसून खाली बसली. तूही हसलास. मी त्या गोठ्यात तुला जितके हसताना पाहिले तितके गिरगावात कधी पाहिले नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत कालवडी विऊन दुधाला लागल्या. येसूबाईने त्यांना परत आणले आणि तिच्या घरची जी रीत होती त्याप्रमाणे बांधले. आई आटून जाईपर्यंत ज्या खुंट्यावर होती त्याच खुंट्यावर लेक. चांदी दारापासच्या पहिल्या खुंट्यावर असायची, तिथे तिची लेक चांदणी बांधली. मैना पार आतल्या शेवटच्या खुंट्यावर असायची, तिथे तिची लेक साळू. आपण दोघेही तिथे उभे होतो. येसूबाईने चांदणीच्या कपाळाला हळद लावली आणि खुंट्यालाही लावली. आपल्याला ते पाहून बरे वाटले. त्यात काही पाहण्यासारखे आहे, हे तुझ्याही डोक्यात आले नाही.

गणपतीच्या दिवसांत तू माझ्याकडे आलास, चपला न काढताच आत शिरलास. "चौदा आणे, बाळ! लेकीत सात दिसतात. दुपटीनं चौदा! पहिल्या नंबरांच्या गाईंच्या लेकी आयांसारख्या पुढे, शेवटच्या गाईंच्या आयांसारख्या मागे. जवळजवळ तीच रांग!" माझ्या आईने तुला चहा दिला तो तू गरम आहे हे विसरून प्यायलास आणि जीभ भाजून घेतलीस. त्याच आठवड्यात मी लेख लिहिला. मथळा तुला न विचारता दिला होता. छपाईचे खिळे जुळवून झाले, पान बांधले.

त्याच सुमारास गोठ्याच्या दारापासचे गटार फुटले. ते दुरुस्त करायला माणसे बसली, म्हणून धोंडू आंबोणाचे, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पेंड-भुशाचे, टोपले दारातून न आणता मागच्या बाजूने आणू लागला. आंबोण वाटायला तो आतून सुरुवात करायचा आणि दाराशी संपवायचा. एरवी उलटे असायचे. हे आठ-दहा दिवस चालले. या दिवसांत आतल्या गाईंचे दूध वाढले आणि दारापासच्या गाईंचे उतरले.

तुला ते भिंतीवर दिसले. दुसरा एखादा म्हणाला असता की गटाराच्या वासाने गाई बुजल्या. तू धोंडूच्या मागे टोपल्याबरोबर चालत राहिलास. पहिल्या खुंट्याला टोपल्यातले वरचे, पेंड असलेले, हात भरून जात होते. शेवटच्या खुंट्याला तळातले पाणी आणि भुसा. रोज, दोन वेळा, वर्षानुवर्षे. आईलाही तसेच आणि लेकीलाही तसेच. लेक आईसारखी निघाली होती, पण ती आईची म्हणून की आईच्या खुंट्यावर उभी म्हणून, हे तुझ्या चौदा आण्यांना सांगता येत नव्हते.

तू कचेरीत आलास. बांधलेले पान टेबलावर होते.

"सोडव ते," तू म्हणालास.

"काय?"

"खिळे सोडव. लेख जाणार नाही."

मी कारण विचारले, तू सांगितलेस. मी म्हणालो, ठीक आहे, चौदा नसतील, दहा असतील, सहा असतील. पण काहीतरी आहे ना? मग चौदाच जाऊ दे. चार गोठेवाल्यांनी वाचले तरी चार-सहा वासरे जगतील. तुला वासरे जगायला हवी आहेत की आकडा?

"मला वासरं खऱ्या आकड्यावर जगायला हवी आहेत. खोट्यावर जगली तर दोन वर्षांनी कुणीतरी त्यांच्या धारा मोजील, चौदा आण्यांचं दूध भरणार नाही, आणि तो म्हणेल, त्या डॉक्टरचं सगळंच खोटं. मग पुढची शंभर वासरं मरतील आणि त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी राहणार नाही."

"पुढची शंभर कल्पनेतली आहेत. ही चार खरी आहेत."

"तू छापखान्यात राहून असं बोलतोस?"

"छापखान्यात राहूनच बोलतोय. आज न छापलेलं उद्या कुणी वाचत नाही."

हा वाद तिथे संपला नाही. मी खिळे सोडवायला सांगितले, कारण आकडा तुझा होता. पण पटले म्हणून नाही. तू तेव्हा जिंकलास असे तुला वाटत असेल तर ते चूक आहे. लेख त्या आठवड्यात निघाला असता तर तुझे काम संपले असते. कार्तिकात वहिनींबरोबर तूही बोटीत चढला असतास. आज राजापूरला असतास. आकडा खोटा असता आणि तू असतास. भिकाजी, हे मी तुझ्याशी भांडायला लिहीत आहे. उत्तर दे.

पुढे जे करायचे ते तुला स्पष्ट दिसत होते. लेकींचे खुंटे बदलायचे. दारापासच्या आयांच्या लेकी आत न्यायच्या, आतल्या आयांच्या लेकी दाराशी आणायच्या, आंबोण वाटायची रीत तीच ठेवायची, आणि पाहायचे. लेक आईवर जाते की खुंट्यावर? येसूबाईपुढे हे मांडलेस तेव्हा मी हजर होतो.

"न्हाय," ती म्हणाली. "आईचा खुंटा लेकीचा. माझ्या सासूनं हेच केलं, तिच्या सासूनं हेच. परक्या खुंट्याची गाय दूध चोरते."

"किती चोरते, तेच मोजायचं आहे, येसूबाई."

"मोजून काय करणार? चोरलेलं परत देणार का?"

"एक वेत. या आटेपर्यंत, एवढं एकच वेत. मग तुमच्या हातानं परत बांधा."

"तुमची पोर उचलून शेजारणीच्या चुलीपाशी ठेवाल का एक वेत?"

 तू म्हणालास, "ठेवीन. शेजारीण चांगली असली तर." येसूबाईने कपाळावर हात मारून घेतला, पण ती हसत होती. तिने होकार दिला तो तुझ्या आकड्यासाठी नाही. बुळकांड्यात तिच्या गोठ्यात तू किती वेळा झोपला होतास, ते तिच्या ध्यानात होते. खुंटे बदलले. नव्या खुंट्यांना तिने हळद लावली नाही.

त्या दिवशी बाहेर पडताना तू चांदणीच्या पाठीवर हात ठेवून मला सांगितलेस, "हिच्यावर लक्ष ठेव. फाल्गुनात, वेत सरत जाईल तसं दूध उतरतं ते धरून, ही आईवर गेली तर एका धारेला साडेचार शेर देईल. खुंट्यावर गेली तर साडेतीन." मी विचारले, आणि मध्ये कुठे अडकली तर? "मग दोघांचा वाटा. त्यासाठीच सहा आहेत. एका गाईवर कधी काही सांगायचं नाही, हे लक्षात ठेव. तू सांगशील, मला माहीत आहे."

मांडवीचा ताप तोवर शहरभर पसरला होता. डिलाईल रोडवरच्या चाळी रिकाम्या होत होत्या, गिरण्यांना माणसे मिळत नव्हती. भाऊच्या धक्क्यावर वहिनींना आणि गंगूला बोटीत बसवायला आपण दोघे गेलो. धक्क्यावर इतकी माणसे होती की वळकटी डोक्यावर धरावी लागली. वहिनी तुझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा. इकडून यायचं नाही म्हणे. गाईचं वेत संपायचं आहे."

मी तुला त्यांच्यासमोर म्हणालो, धोंडू रेघा ओढील, मी आठवड्याला येऊन पाहीन, तू जा. तू म्हणालास, "धोंडू रेघा ओढील. आंबोण कुठून वाटतोय, ते कोण पाहील? घाईत त्यानं एक दिवस आतून सुरुवात केली की सगळं गेलं." मग वहिनींकडे वळलास. "चैत्रात येतो. पाडव्याला तिथे असेन."

गंगूने विचारले, "बाबा, चांदणीला पण आणणार?"

तू म्हणालास, "चांदणीला बोट लागते." ती हसली. बोट सुटेपर्यंत ती तुला हात करत होती. वहिनींनी केला नाही. मी हे लिहितो कारण मी ते पाहिले, आणि त्यांनी का केला नाही ते मला माहीत नाही.

पौषात मी तुला दर आठवड्याला विचारत होतो, काय दिसते? तू सांगायचा नाहीस. "अर्धं सांगितलं की तू पूर्ण छापशील." तू चेष्टेने म्हणायचास, पण सांगितले नाहीसच. मी भिंतीवर पाहून मोजू शकलो असतो. कोणती रेघ कोणाची हे मला येत होते. तुझ्याकडूनच ऐकायचे म्हणून मी पाहिले नाही.

माघात लालबागेत घरे तपासायला सुरुवात झाली. अंगात ताप सापडला म्हणून तुला गोठ्यातूनच नेले. मला भेटायला एकदा परवानगी मिळाली. तट्ट्याच्या आडून, काही पावलांवरून. तुझे डोळे लाल होते आणि ओठ फुटले होते. तू मला ओळखलेस. वहिनींचे नाव काढशील, गंगूचे काढशील, असे मला वाटले होते. तू म्हणालास, "चांदणी?"

मी त्या दिवशी गोठ्यात गेलो नव्हतो. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

मी काहीही सांगू शकलो असतो. साडेचार म्हणालो असतो तर तू डोळे मिटले असतेस. तट्ट्याच्या त्या बाजूला तुला पडताळून पाहायला कुणी नव्हते. तुझ्याकडे चार-दोन दिवस होते आणि माझ्याकडे एक खोटा आकडा होता. मी खरे तेच सांगितले, कारण ते तू शिकवलेस. तू मान वळवलीस. ती नाराजीने वळवलीस, की थकून, की "बरोबर" म्हणून, हे मी आजवर रोज स्वतःला विचारतो. ज्याला विचारायचे त्याने मान वळवली ती परत वळवली नाही.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी लालबागेत गेलो. गोठा पांढरा होता. तू तिथे आजारी सापडलास म्हणून आदल्या दिवशी त्या जागेला चुना मारून गेले होते, आतून बाहेरून, छपरापर्यंत. भिंतीवर एकही रेघ नव्हती. मी नखाने खरवडून पाहिले. चुना ओला होता, त्याच्याबरोबर गेरूही निघत होता, आणि बोटाला गुलाबी चिखल लागत होता. तू आठवड्याचे बेरजेचे कागद कोटाच्या खिशात ठेवायचास. कोट तुझ्या अंथरुणाबरोबर जाळला. हे मी इस्पितळात विचारून घेतले आहे. आयांचे आकडे माझ्याकडे आहेत, कारण लेखासाठी तू ते मला दिले होतेस. लेकींचे कुणाकडेच नाहीत.

चांदणी पहिल्या खुंट्यावर होती. साळू शेवटच्या. सगळ्या आपापल्या आईच्या जागी.

येसूबाई दारात बसली होती. मी काही विचारण्याआधी ती बोलली. "त्यांना नेलं त्याच सकाळी मी बांधल्या परत. माझ्या हातानं. लेकी आईच्या खुंट्यावरनं काढल्या, म्हणून झालं हे. माझंच पाप. म्हटलं, देवा, परत बांधते, त्यांना सोड." तिने पदर तोंडात धरला. "सोडलं न्हाय, दादा."

  तिने तुझा जीव वाचवायला तुझे काम मोडले होते, आणि यापेक्षा वेगळे तिने काय करायला हवे होते हे मला सांगता येत नाही. मी धोंडूला विचारले, खुंटे बदलल्यावर दूध काय म्हणत होते? धोंडू आठवू लागला. आठवता आठवता रडू लागला. "काहींचं उतरलं, काहींचं न्हाय उतरलं. मी रेघ वढायचो, साहेब. मोजायचे ते डाक्टर."

त्या संध्याकाळी मी चालत गिरगावात आलो. ट्राम चालू होती. मी बसलो नाही. भायखळ्यापासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बंद दारे होती. काहींच्या चौकटीवर खुणा केलेल्या होत्या. मी इतका काळ या शहरातल्या बातम्या लिहितो आहे, पण मला तेव्हा एकही वाक्य लिहिता आले नसते. तीन वर्षांचे काम, सहा गाई, एक माणूस. भिंतीला चुना. कालवडी जगल्या त्या तू मागितल्यास म्हणून, आणि त्या जगण्याचा अर्थ काय ते सांगणारा आकडा नाही. माझ्या जागी तू असतास तर काय केले असतेस हे मला ठाऊक आहे. धोंडूच्या मागे टोपल्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून चालायला लागला असतास. पण मला गाईतले काही कळत नाही, भिकाजी. मला फक्त विचारायला येते, हे कुणी पाहिलं?

वहिनींचे पत्र आले. दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतले आहे. एकच ओळ त्यांची असावी, कारण तिच्यात मायना नाही, मानपान नाही. "तिकडे एवढं काय अडलं होतं?" मी उत्तर लिहायला बसलो. अडले काय होते हे एका वाक्यात सांगता येते. ते मिळाले का, असे त्या पुढे विचारतील. त्यावर माझ्याकडे पुन्हा तेच आहे जे मी तुला तट्ट्याआडून दिले. मी कागद ठेवून दिला.

येसूबाईने मुंबई सोडायचे ठरवले. मी हात जोडले, वेत संपेपर्यंत राहा म्हणालो. ती म्हणाली, "दादा, तुमचा डाक्टर एका वेतासाठी राहिला."  तिने गुरे हाकून माहीमची खाडी ओलांडली. सहांतल्या पाच लेकी वाटेत वांद्र्याला विकल्या. साळू त्यांतच गेली. कुणाला विकल्या ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चांदणीला विकणार होती. धोंडूने दावे सोडले नाही.

खाडीपलीकडे तिच्या चुलतभावाचा गोठा आहे. तिथे कुणाच्या आईचा खुंटा नाही. पोहोचली तशी गुरे बांधली गेली. चांदणी वाटेत लंगडली होती, ती सगळ्यांच्या मागून आली. तिला शेवटचा, पार आतला खुंटा मिळाला. हे कुणी ठरवून केले नाही. येसूबाईला मी विचारले, ती म्हणाली, "जागा तीच उरली होती."

मी तिथे गेलो तेव्हा पहिल्या दिवशी दूध मोजले नाही. चाललेल्या गाईचे दूध धरायचे नाही, ते पंधरा दिवस जाऊ द्यायचे, असे तू म्हणाला असतास. म्हणून मी पंधरा दिवस जाऊ दिले. त्या काळात दोनदा जाऊन आंबोण कुठून वाटले जाते ते पाहिले. दारातून. टोपले घेऊन धोंडू पहिल्या गाईपासून सुरुवात करतो आणि चांदणीशी संपवतो. तळातले पाणी आणि भुसा तिला मिळतो. मी काही बदलायला सांगितले नाही.

मी येसूबाईला म्हणालो, चांदणीची एक धार वेगळ्या भांड्यात काढा. ती म्हणाली, "आता कुणाला सांगायचंय?" मी म्हणालो, राजापूरला लिहायचे आहे. ती उठली, तीच जुनी चरवी घेऊन आली आणि धोंडूला बाजूला सारून स्वतः बसली.

ही एक गाय आहे. एका गाईवर काही सांगायचे नाही, हे तू मला बजावले आहेस.

फाल्गुन चालू आहे. काल सकाळी चांदणी शेवटच्या खुंट्यावर होती. आदल्या संध्याकाळचे आणि त्या सकाळचे आंबोण दारापासून वाटले होते. धार मी समोर उभा राहून पाहिली. चार शेर भरले.